घटक ४ : गुरूच्या ग्रंथाची चिकित्सा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर गुरूच्या मताचे खंडन आणि गुरूचा अवमान यांतील भेद तुम्हांला उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करता यावा, काशीतील वैयाकरणांच्या एका गाजलेल्या वादाचा परिचय व्हावा आणि आपल्या अध्यापकांच्या लेखनातील एखाद्या विधानावर साधार आक्षेप लेखी स्वरूपात मांडता यावा, अशी अपेक्षा आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, ग्रंथपरीक्षण कसे लिहावे हे मागील घटकात आपण पाहिले. तेथे परीक्षणासाठी घेतलेला लेखक आपल्याला अपरिचित होता. त्याच्याविषयी बरेवाईट लिहिताना हात अडखळण्याचे कारण नव्हते. आता त्याच प्रश्नाची अवघड बाजू पाहावयाची आहे. ज्यांनी तुम्हांला शिकवले, ज्यांचे पुस्तक तुमच्या अभ्यासक्रमात नेमलेले आहे आणि जे कदाचित तुमचा स्वाध्यायही तपासणार आहेत, अशा प्राध्यापकांच्या प्रतिपादनात तुम्हांला उणीव दिसली, तर काय करावे?

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, व्यवसाय किंवा घरसंसार सांभाळून हे शिक्षण घेत आहेत. वरिष्ठांच्या टिपणीतील चूक त्यांच्या लक्षात आणून देताना शब्द किती तोलावे लागतात, हे तुम्हांला कोणी शिकवण्याची गरज नाही. तरीही व्यवहारात चोख बोलणारी माणसे अभ्यासाच्या वहीत मात्र मुकी होतात, असे संपर्कसत्रांत वारंवार दिसते. ‘सरांच्या पुस्तकात असे आहे’ हे वाक्य उच्चारले की चर्चा तेथेच थांबते.

याचे एक कारण आपल्या भाषेत मुरलेले आहे. ‘उलट उत्तर देणे’ याचा शब्दशः अर्थ प्रत्युत्तर देणे एवढाच. परंतु मराठीत तो दोष ठरतो. विद्यार्थ्याने शंका काढली की त्याला ‘शिंगे फुटली’, आणि शिकवलेलेच शिकवणाऱ्यावर उलटले की ‘गुरूची विद्या गुरूला फळली’, असे आपण म्हणतो. या दुसऱ्या म्हणीत कौतुकाचा अंशही नाही. तिच्यात कृतघ्नतेचा ठपका आहे. दुसरीकडे, सर्वांवर विजय मिळवावा पण शिष्याकडून मात्र पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, हा विचार संस्कृत सुभाषितांत आढळतो आणि गुरुपौर्णिमेच्या भाषणांत आपण तो ऐकतोही. म्हणजे एकाच परंपरेने आपल्याला दोन परस्परविरुद्ध आज्ञा दिल्या आहेत. त्यांपैकी कोणती पाळावी हे ठरवण्यापूर्वी, परंपरेत प्रत्यक्षात काय घडले ते पाहणे बरे.

४.३ वाद कोणाशी करावा?

आज ‘वाद’ हा शब्द भांडणाच्या अर्थाने वापरला जातो. न्यायदर्शनात त्याचा अर्थ वेगळा होता. गौतमांच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय हे ठरवण्यासाठी, प्रमाण आणि तर्क यांच्या साहाय्याने दोन पक्ष मांडून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकणे हाच हेतू ठेवून, प्रसंगी शब्दच्छल करूनही केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे ही वितंडा. मराठीतील ‘वितंडवाद’ हा शब्द या शेवटच्या प्रकारातून आला. मूळ वर्गीकरणात मात्र वितंडा आणि वाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा उल्लेख न्यायसूत्रांच्या चौथ्या अध्यायात येतो. वाद कोणाबरोबर करावा, हे सांगताना सूत्रकार शिष्य, गुरू, सहाध्यायी आणि कल्याणाची इच्छा धरणारे ज्ञाते यांची नावे घेतात आणि या सर्वांना एक अट घालतात : ती माणसे असूयारहित असावीत. या यादीत गुरू आहे, आणि शिष्यही आहे. गुरूशी चर्चा करणे हा येथे अपवाद मानलेला नाही. सत्यशोधनाच्या चर्चेचे ते पहिले क्षेत्र आहे. निषिद्ध आहे ती असूया, आणि ती दोन्ही बाजूंना निषिद्ध आहे. शिष्याच्या मत्सराविषयी आपण पुष्कळ बोलतो. गुरूलाही शिष्याची असूया वाटू शकते, हे सूत्रकारांनी गृहीत धरले आहे.

त्याच ठिकाणी जल्प आणि वितंडा यांनाही मर्यादित जागा दिली आहे. कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा त्यांचा उपयोग सत्याच्या रक्षणासाठी करावा, असे सूत्रकार म्हणतात. हा दृष्टांत लक्षात ठेवा. पुढे आपण जो वाद पाहणार आहोत त्यात काटे भरपूर आहेत, आणि आत रोप आहे की नाही हेच तपासावयाचे आहे.

४.४ काशीतील वैयाकरणांचा वाद

पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त सुमारे चार हजार सूत्रे आहेत. त्यांचा क्रम संक्षेपाच्या सोयीने लावलेला असल्यामुळे एक साधे रूप सिद्ध करण्यासाठी विद्यार्थ्याला ग्रंथाच्या निरनिराळ्या अध्यायांतील सूत्रे एकत्र आणावी लागतात. ही अडचण दूर करण्यासाठी रामचंद्र या वैयाकरणांनी सूत्रांची विषयवार मांडणी करून ‘प्रक्रियाकौमुदी’ रचली. रामचंद्र शेष घराण्यातील. दक्षिणेतून काशीला जाऊन स्थिरावलेले हे घराणे व्याकरणासाठी प्रसिद्ध होते. त्याच घराण्यातील शेष कृष्ण यांनी सोळाव्या शतकात ‘प्रक्रियाकौमुदी’वर ‘प्रकाश’ नावाची टीका लिहिली. (येथे ‘टीका’ म्हणजे अर्थ उलगडणारे विवरण. संस्कृतात विवरणाला असलेला शब्द मराठीत दोष दाखवण्यासाठी रूढ झाला, ही गोष्ट आपल्या विषयाला बरीच लागू पडते.)

शेष कृष्णांजवळ काशीत शिकलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक भट्टोजी दीक्षित. त्यांनी ‘सिद्धान्तकौमुदी’ हा ग्रंथ लिहिला आणि तो इतका सर्वमान्य झाला की ‘प्रक्रियाकौमुदी’ मागे पडली. आजही संस्कृत व्याकरणाचा विद्यार्थी पाणिनीपर्यंत बहुधा भट्टोजींच्या वाटेने, किंवा त्यांचे शिष्य वरदराज यांनी केलेल्या ‘लघुसिद्धान्तकौमुदी’ या संक्षेपाच्या वाटेने पोहोचतो. भट्टोजींनी आपल्या ग्रंथावर स्वतःच ‘प्रौढमनोरमा’ हे विवरण लिहिले. त्यात पूर्वीच्या वैयाकरणांची मते उद्धृत करून त्यांतील दोष दाखवले, आणि त्यांत आपले गुरू शेष कृष्ण यांच्या ‘प्रकाश’ टीकेतील मतांचेही खंडन केले.

यावर उत्तर देणाऱ्यांत शेष घराण्यातील पंडित होतेच. चक्रपाणी यांनी ‘परमतखंडन’ या नावाने प्रतिवाद लिहिला. परंतु सर्वांत गाजला तो पंडितराज जगन्नाथांचा ग्रंथ. जगन्नाथ म्हणजे ‘गंगालहरी’ आणि ‘रसगंगाधर’ यांचे कर्ते. शाहजहान बादशहाकडून त्यांना ‘पंडितराज’ ही पदवी मिळाली होती. ते व्याकरण शिकले शेष वीरेश्वर यांच्याजवळ, आणि वीरेश्वर हे शेष कृष्णांचे पुत्र. म्हणजे जगन्नाथ आपल्या गुरूच्या वडिलांचा पक्ष घेऊन उभे राहिले. त्यांच्या ग्रंथाचे नाव ‘मनोरमाकुचमर्दन’. ‘मनोरमा’ हे विवरणाचे नाव स्त्रीलिंगी असल्याचा फायदा घेऊन केलेला हा श्लेष ग्राम्य आहे, आणि एवढ्या मोठ्या साहित्यशास्त्रज्ञाला तो शोभणारा नाही, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ग्रंथाच्या आरंभी जगन्नाथांनी भट्टोजींवर जे आरोप केले, त्यांचा आशय असा : यांनी शेष कृष्णांच्या पादुकांची दीर्घकाळ सेवा करून त्यांच्या कृपेने शब्दशास्त्र मिळवले. पुढे गुरू परलोकवासी झाले. त्यानंतर गुरुद्वेषाने बुद्धी मलिन झालेल्या या शिष्याने गुरूच्या ग्रंथावर दोष लादले. आणि तेही ग्रंथाचा आशय न समजल्यामुळे.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : पुढे वाचण्यापूर्वी वरील परिच्छेदातील आरोप सुटे करून वहीत लिहा. त्यांपैकी कोणता आरोप खरा की खोटा हे केवळ दोन्ही ग्रंथ समोर ठेवून ठरवता येईल? कोणता ठरवता येणार नाही?

४.५ आरोप आणि आक्षेप

तुमचे उत्तर आता पडताळून पाहा. शिष्याने सेवा केली, गुरू वारले, शिष्याच्या मनात द्वेष होता : यांतील एकाही गोष्टीने व्याकरणाचा प्रश्न सुटत नाही. समजा, भट्टोजींचे मन खरोखर द्वेषाने भरलेले होते. तरी त्यांनी दाखवलेला दोष दोषच राहू शकतो. उलट, शिष्य अत्यंत नम्र असला म्हणून त्याचा चुकीचा आक्षेप बरोबर ठरत नाही. हेतूची चर्चा आणि मताची चर्चा यांची गल्लत झाली, की वाचकाला वाटते आपण व्याकरण वाचत आहोत. प्रत्यक्षात तो घराण्यांचे वैर वाचत असतो.

शेवटचा आरोप मात्र निराळ्या जातीचा आहे. ‘आशय न समजता दोष दिला’ हे विधान तपासता येते. मूळ वाक्य काय, शिष्याने ते कसे सांगितले, दोहोंत अंतर आहे काय, हे कोणीही वाचक पाहू शकतो. शास्त्रीय ग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडण्याची जी पद्धत आहे तिचे मर्म हेच. विरुद्ध मत असे मांडावे, की ते ज्याचे आहे त्यानेही ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ अशी मान डोलवावी. त्यानंतर उत्तरपक्ष. गुरूच्या मताचा पूर्वपक्ष शिष्याइतका चांगला कोण मांडू शकेल? त्याने ते मत वर्गात बसून ऐकलेले असते, त्यामागची कारणे ऐकलेली असतात. म्हणूनच शिष्याने तो कच्चा मांडला तर तो दोष परक्यापेक्षा मोठा धरावा लागेल.

जगन्नाथांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. गुरुद्रोहाचा आरोप करून ते थांबले नाहीत. तेवढ्याने काम भागत असते तर एक श्लोक पुरला असता. त्यांना भट्टोजींचे एकेक मत घेऊन त्यावर व्याकरणाच्याच युक्तिवादाने उत्तर लिहावे लागले. ‘तू शिष्य आहेस म्हणून तुला बोलण्याचा अधिकार नाही’ एवढे म्हणून त्या काळच्या काशीतही वाद जिंकता येत नव्हता.

गुरूच्या निधनानंतर खंडन केले, या तक्रारीकडे मात्र सहज दुर्लक्ष करू नये. हयात नसलेला लेखक उत्तर देऊ शकत नाही. गुरू असताना गप्प राहून नंतर लिहिणे याला कोणी भित्रेपणा म्हणेल; कोणी म्हणेल की गुरूला त्याच्या हयातीत दुखवायचे नाही, हाच शिष्याचा आदर. दोन्ही वाचने शक्य आहेत. परंतु ज्ञानाच्या दृष्टीने पाहिले तर नुकसान एकच : गुरूचे उत्तर आपल्याला मिळाले नाही. त्यांच्या वतीने दुसऱ्यांना बोलावे लागले, आणि दुसरे बोलले की आवाज चढतोच.

या कथेचा पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि प्रस्तुत लेखकाला तोच सर्वांत बोधक वाटतो. भट्टोजींचे नातू हरि दीक्षित. त्यांचे शिष्य नागेश भट्ट, ऊर्फ नागोजी. हे काळे आडनावाचे महाराष्ट्रीय पंडित. ‘परिभाषेन्दुशेखर’, ‘लघुशब्देन्दुशेखर’ हे त्यांचे ग्रंथ व्याकरणाच्या अभ्यासात अजून प्रमाण मानले जातात. गुरुपरंपरेने नागेश भट्टोजींच्या घरातले. ‘प्रौढमनोरमे’वर ‘शब्दरत्न’ नावाचे विवरण हरि दीक्षितांच्या नावावर आहे; ते वस्तुतः नागेशांनीच लिहून गुरूच्या नावे केले, अशी पंडितपरंपरेतील समजूत आहे. ती खरी असेल तर एका शिष्याने गुरूचे खंडन केल्याने सुरू झालेला वाद, दुसऱ्या शिष्याने आपले लेखन गुरूला अर्पण करण्यापर्यंत येऊन पोहोचला. हेच नागेश आपल्या ‘मंजूषा’ ग्रंथात मात्र भट्टोजींचे पुतणे कौंडभट्ट यांच्या काही मतांना नकार देतात. आणि ज्या जगन्नाथांनी आपल्या परमगुरूच्या ग्रंथाची निर्भर्त्सना केली, त्यांच्याच ‘रसगंगाधर’वर नागेशांनी ‘मर्मप्रकाश’ ही टीका लिहिली. आज ‘रसगंगाधर’ वाचणारा विद्यार्थी बहुधा याच टीकेच्या आधाराने वाचतो. नागेशांना जगन्नाथांचे व्याकरण पटले नसेल. त्यांचे साहित्यशास्त्र समजून घेण्याजोगे वाटले, म्हणून त्यांनी त्यावर श्रम घेतले. एका माणसाच्या एका ग्रंथाशी मतभेद असणे आणि दुसऱ्या ग्रंथाचा आदर करणे, हे दोन्ही एकाच मनात नांदू शकते.

४.६ आधार कोणाच्या हाती?

काशीच्या वादात एक सोय होती. ‘प्रकाश’ आणि ‘मनोरमा’ हे दोन्ही ग्रंथ उभय पक्षांसमोर होते. पोथी उघडावी आणि पडताळावे. आजच्या संशोधनात, विशेषतः समाजविज्ञानांत, निष्कर्ष छापलेला असतो आणि तो ज्या आकड्यांवरून काढला ते आकडे प्राध्यापकांच्या संगणकात असतात. अशा वेळी विद्यार्थ्याची चिकित्सा आणखी एका गोष्टीवर अवलंबून राहते : आधार पाहायला मिळतो की नाही. यासाठी अर्थशास्त्रातील एक अलीकडचे उदाहरण घेऊ. विषय आपला नसला तरी पद्धत आपली आहे.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाशी संबंधित कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ एकदम खालावते, असे त्यात दाखवले होते. विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचे वीस प्रगत देशांचे आकडे त्यासाठी घेतले होते, आणि अशा कर्जबाजारी वर्षांतील वाढीची सरासरी उणे ०.१ टक्का निघाली होती. सरकारी खर्चात कपात करावी असे म्हणणाऱ्या अनेक राजकारण्यांनी या निबंधाचा आधार घेतला.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत थॉमस हर्नडन हा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. एखाद्या प्रसिद्ध निबंधातील निष्कर्ष पुन्हा काढून दाखवा, असा स्वाध्याय त्याला वर्गात मिळाला होता. तुम्हांला मिळतात तसाच स्वाध्याय. त्याने हा निबंध निवडला; आकडे काही जुळेनात. त्याने मूळ लेखकांना लिहिले आणि राइनहार्ट यांनी आपली गणनपत्रिका त्याला पाठवली. तीत आढळले, की सरासरी काढताना सूत्रात पाच देशांच्या ओळी घेतल्याच गेल्या नव्हत्या : ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क. देशांची यादी इंग्रजी वर्णक्रमाने होती. तिच्या टोकाचे पाच देश सूत्राच्या कक्षेबाहेर राहिले होते. याखेरीज काही देशांची काही वर्षे गणनेतून वगळलेली होती, आणि प्रत्येक देशाला सारखेच वजन दिल्यामुळे न्यूझीलंडच्या एका वाईट वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतके महत्त्व मिळाले होते. हर्नडनने आपले प्राध्यापक मायकेल ॲश आणि रॉबर्ट पॉलिन यांच्यासह २०१३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या गणनेनुसार तीच सरासरी अधिक २.२ टक्के येत होती.

वृत्तपत्रांनी ‘विद्यार्थ्याने हार्वर्डला हरवले’ अशा थाटात ही बातमी रंगवली. आपण तसे करू नये, कारण शिकण्यासारखे आहे ते तपशिलात. सुटलेल्या पाच ओळी ही निखालस चूक होती. मूळ लेखकांनी ती मान्य केली. परंतु सरासरीतील फरकाचा मोठा वाटा या चुकीतून आलेला नव्हता. तो वगळलेली वर्षे आणि वजन देण्याची पद्धत यांतून आला होता, आणि या गोष्टींचे समर्थन मूळ लेखकांनी पुढेही केले. म्हणजे एकाच खंडनात दोन भिन्न गोष्टी होत्या : चूक आणि निवड. चूक दाखवली की वाद संपतो. निवडीवर आक्षेप घेतला की वाद सुरू होतो, आणि तेथे विद्यार्थ्याला आपली निवड अधिक योग्य का, हे सांगावे लागते. न सांगितले तर ती न्यायसूत्रांतील वितंडाच होईल.

राइनहार्ट यांनी गणनपत्रिका पाठवली, हेही नोंदवून ठेवा. त्यांनी ती नाकारली असती तर हा स्वाध्याय ‘आकडे जुळत नाहीत’ या टिपणीवर संपला असता. आपल्या लेखनातील दोष शोधण्याचे साधन त्यांनी स्वतःच एका अनोळखी विद्यार्थ्याच्या हाती दिले.

४.७ आपल्या विषयातील एक अभ्यास

आता मराठीकडे वळू. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या मूर्तीजवळचा, ही मूर्ती चामुंडरायाने करविली असे सांगणारा लेख हा मराठीतील आद्य शिलालेख होय आणि त्याचा काळ इ.स. ९८३, असे विधान तुम्ही शालेय पुस्तकापासून वाचत आला असाल. समजा, तुमच्या प्राध्यापकांच्या वाङ्मयेतिहासातही ते जसेच्या तसे आले आहे.

यावर आक्षेप असा घेतला गेला आहे. त्या मराठी ओळीत काळाचा उल्लेख नाही. ९८३ हे साल मूर्तीच्या काळावरून लावलेले आहे. शेजारीच गंगराजाने भोवतालचे बांधकाम करविल्याची दुसरी मराठी ओळ आहे, आणि गंगराज हा बाराव्या शतकातील होयसळ राजाचा सेनापती. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असेल, तर पहिली ओळही बाराव्या शतकात कोरली गेली असली पाहिजे. अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखाचे शं. गो. तुळपुळे यांनी केलेले शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, हे कालवाचन स्वीकारले, तर आद्यत्वाचा मान आक्षीकडे जातो.

येथे चूक कोणती आणि निवड कोणती? लेखातच ९८३ साल कोरलेले आहे असे पुस्तकात म्हटले असेल, तर ती चूक. लेखाचे छायाचित्र वा वाचन समोर ठेवले की प्रश्न मिटतो. परंतु ओळीचा काळ मूर्तीच्या काळावरून धरावा की अक्षरवळणावरून, हा निवडीचा प्रश्न आहे. त्यासाठी ‘सरांनी चुकीचे लिहिले’ हे शब्द वापरणे अयोग्य होय. ‘मूर्तीचा काळ तोच लेखाचा काळ, हे गृहीत या विधानामागे आहे; दोन ओळींच्या अक्षरसाम्यामुळे ते स्वीकारणे कठीण जाते’ असे लिहिले, तर आक्षेप अधिक सौम्य होतो असे नाही. तो अधिक धारदार होतो, कारण तो नेमक्या जागी लागतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘आक्षीचा लेख आद्य होय’ या पक्षाविरुद्ध कोणते आक्षेप संभवतात? कालवाचनाच्या अचूकतेचा मुद्दा धरून दहा ओळींत पूर्वपक्ष मांडा.

४.८ लेखनातील भाषा आणि गुणांची भीती

मराठीत आदरार्थी बहुवचन आहे, ही समीक्षकाची सोयच आहे. ‘प्राध्यापक म्हणतात’, ‘त्यांनी मांडले आहे’ हे रूप शेवटपर्यंत ठेवा. आणि नकार येईल तेथे वाक्याचा कर्ता विधानाला करा, व्यक्तीला नव्हे. ‘ते घसरले’ याऐवजी ‘हे अनुमान टिकत नाही’. आदर व्यक्तीकडे राहतो, आघात मतावर होतो. व्याकरणाने येथे नीतीचे अर्धे काम केले आहे.

याउलट एक सवय टाळावी. संस्कृत शास्त्रग्रंथांत नाव न घेता ‘केचित्’, म्हणजे ‘काही जण’, असे म्हणून मताचा उल्लेख करण्याची रीत होती. मराठीत तिची जागा ‘काही अभ्यासकांना असे वाटते’ या वाक्याने घेतली आहे. हे सौजन्य दिसते. परंतु ज्याचे मत आहे त्याला उत्तर देण्याची संधी त्यामुळे मिळत नाही, आणि वाचकाला मूळ पान उघडता येत नाही. नाव घ्या, ग्रंथ सांगा, पृष्ठांक द्या.

राहिला प्रश्न गुणांचा. ज्यांच्या ग्रंथावर आक्षेप घ्यायचा तेच परीक्षक असतील तर गुण कमी होतील, ही भीती निराधार आहे असे सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सर्वच अध्यापक शिष्याकडून पराजय इच्छिणारे नसतात. विद्यार्थी आणि प्राध्यापक समान पातळीवर उभे नसतात. एकाच्या हातात लाल पेन असतो. म्हणून व्यवहारज्ञान सोडू नये. आधी प्रश्न विचारा, मग आक्षेप लिहा. संपर्कसत्रात ‘हे साल लेखात आहे की अनुमानाने आले?’ असे विचारले, तर उत्तरावरून पुष्कळ कळते, आणि कित्येकदा आपलेच अज्ञानही दूर होते. पुस्तकातील मत पूर्णपणे आणि नीट मांडून झाल्यावरच आपला परिच्छेद सुरू करा. पूर्वपक्षाला मिळावयाचे गुण कोणी नाकारू शकत नाही. परीक्षार्थ्याचे ते संरक्षण आहे. आणि एखादा आक्षेप आज लिहिणे परवडणारे नसेल तर तो तारखेसह वहीत नोंदवून ठेवा. पदवी मिळाल्यावरही तो तितकाच खरा वाटला तर लिहा. गुरू हयात असताना लिहा.

४.९ स्वाध्याय

१. ‘गुरुद्रोह’ आणि ‘मतखंडन’ यांतील फरक भट्टोजी दीक्षित व पंडितराज जगन्नाथ यांच्या वादाच्या आधारे २०० शब्दांत स्पष्ट करा. जगन्नाथांच्या पक्षाचे जितके समर्थन करता येईल तितके आधी करा.

२. नागेश भट्टांनी ‘रसगंगाधर’वर टीका लिहिण्यामागे कोणती भूमिका दिसते, यावर टीप लिहा.

३. क्षेत्रीय कार्य : तुमच्या अभ्यासकेंद्रातील कोणत्याही प्राध्यापकांचा एक प्रकाशित लेख मिळवा. त्यातील एक विधान निवडून त्याचा आधार शोधा. आधार सापडला तर तो पुरेसा आहे काय, सापडला नाही तर लेखकांना तो कोणत्या शब्दांत विचाराल, हे लिहा. तो प्रश्न त्यांना प्रत्यक्ष विचारून मिळालेले उत्तरही सोबत जोडा. लेख उपलब्ध नसेल तर प्रस्तुत घटकातील एखादे विधान घ्यावे; हा घटकही प्राध्यापकांनीच लिहिलेला आहे.